क्वार्टर इंपिरियल कागदावरची जागा

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे दरवर्षी शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. आमच्या भागात साधारणपणे आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट असा क्रम असतो आणि दोन्हींना मिळून 'ड्रॉइंगची ग्रेड' म्हणण्याची पद्धत आहे. गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यातल्या एका धानपट्ट्यातल्या गावातून मी या दोन्ही परीक्षा 2017 आणि 2018 साली दिल्या. बोर्डाच्या परीक्षेत चित्रकलेचा पेपर नसल्यामुळे हा विषय शाळेच्या वेळापत्रकात असतो, पण त्याचा तास गणिताला किंवा इंग्रजीला द्यायला कोणाची हरकत नसते. आमच्या शाळेतही आठवड्यातला एकुलता एक चित्रकलेचा तास चाचण्यांच्या दिवसांत बेपत्ता होत असे. त्यामुळे चित्रकलेचे जे शिक्षण मला माध्यमिक शाळेत मिळाले, ते जवळजवळ सगळे या दोन परीक्षांच्या तयारीतून, म्हणजे शाळा सुटल्यानंतरच्या तासाभरातून आणि सुट्टीच्या दिवसांतून मिळाले.

घरच्यांनी परवानगी दिली ती अर्थातच गुणांसाठी. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाल्यास दहावीच्या निकालात 7, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3 वाढीव गुण मिळतात, हे सरांनी पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवले होते. माझ्या बाबांनी ते आकडे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले आणि घरी येऊन आईला सांगितले की, पोरगी चित्रं काढून सात मार्क आणणार असेल तर रंगपेटीला पैसे द्यायला हरकत नाही. वाढीव गुणांमुळे कलेचा बाजार मांडला जातो, अशी टीका मी पुढे शहरात आल्यावर पुष्कळ ऐकली. तिच्यात तथ्य नाही असे नाही. मात्र ते गुण नसते तर आमच्या वर्गातल्या एकाही मुलीला पावसाळ्यात, रोवणीच्या म्हणजे भातलावणीच्या हंगामात, शाळा सुटल्यावर तासभर थांबू दिले गेले नसते, हेही तितकेच खरे आहे.

आमच्या चित्रकलेच्या सरांनी पहिले काही आठवडे आम्हाला रंगाला हात लावू दिला नाही. त्यांनी क्वार्टर इंपिरियल कागद आणायला सांगितले. हा कागद 11 इंच रुंद आणि 15 इंच लांब असतो, पूर्ण इंपिरियल कागदाचा चौथा भाग, आणि परीक्षेत याच आकाराचा कागद मिळतो. वहीच्या पानावर चित्रे काढण्याची सवय असलेल्या मुलाला तो अंगणाएवढा वाटतो. पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर एक तांब्या ठेवून तो काढायला सांगितला, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी तो कागदाच्या मधोमध, लिंबाएवढा काढला. सरांनी कोणाच्याही तांब्याचा आकार तपासला नाही. त्यांनी प्रत्येकाच्या कागदावर तांब्याभोवतीची मोकळी जागा पेन्सिलीने तिरप्या रेघांनी भरून दाखवली आणि विचारले की, एवढे काय काढले आहेस? परीक्षकासमोर तुमचा कागद येतो तेव्हा त्याला आधी वस्तू दिसत नाही, वस्तूने कागदावर घेतलेली जागा दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढची दोन वर्षे चारही पेपरांत मी हीच एक गोष्ट वेगवेगळ्या रूपांत शिकत राहिले. एलिमेंटरीचे चार पेपर म्हणजे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. दोन दिवस, सकाळी एक आणि दुपारी एक. चारही वेगळे विषय वाटतात, आणि गाइडमध्ये ते तसेच छापलेले असतात. प्रत्यक्षात चौघांतही काय कुठे बसवायचे आणि किती रिकामे सोडायचे, हाच प्रश्न असतो.

वस्तुचित्राच्या सरावाला सरांनी शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून भांडी मागवली. त्यांत एक जुनी लोखंडी पायली होती. आमच्याकडे धान आणि तांदूळ मोजायला अजूनही पायली वापरतात, त्यामुळे ती वस्तू आम्हाला डोळे मिटून काढता येईल असा आमचा समज होता. सगळ्यांनी वर एक लंबगोल, दोन उभ्या रेषा आणि खाली एक सरळ आडवी रेषा अशी पायली काढली. पायली जमिनीवर सपाट बसते, म्हणून तिचा तळ सरळ रेषेत असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. सरांनी पायली उचलून प्रत्येकाच्या डोळ्यांच्या रेषेत धरली, तेव्हा तिचे तोंड नुसती एक आडवी रेघ झाले. मग ती हळूहळू खाली नेली, तसे तोंड उघडत गेले. तळाचा गोल तर डोळ्यांपासून आणखी खाली असतो, म्हणून तो तोंडापेक्षाही जास्त उघडलेला, जास्त फुगीर दिसला पाहिजे. आपल्याला त्याचा फक्त पुढचा अर्धा भाग दिसतो एवढेच. हे एकदा दिसल्यावर घरातले एकही भांडे पूर्वीसारखे दिसेना. आईने चुलीजवळ ठेवलेला गंज, आजीचा पाण्याचा गुंड, न्हाणीतली बादली, सगळ्यांचे तळ वाकलेले दिसू लागले.

मापे घेण्याची रीतही तेव्हाच शिकलो. हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरून तिच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत पायलीची उंची पकडायची आणि तेच माप आडवे करून रुंदीवर ठेवायचे. हात थोडा जरी वाकला तरी माप बदलते, आणि वर्गात बसलेल्या मुलीला सगळ्यांसमोर हात ताठ करून एक डोळा मिटायला लाज वाटते, म्हणून पहिले काही दिवस आम्ही अंदाजानेच काढत होतो. सरांनी मग आम्हाला जोड्या करून समोरासमोर बसवले आणि एकमेकींचे डोके व धड मोजायला लावले. एवढे हसणे झाले की त्यानंतर लाज उरली नाही. त्या खेळातूनच मोठ्या माणसाच्या शरीराची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सात ते साडेसात पट असते आणि लहान मुलाचे डोके त्याच्या मानाने बरेच मोठे असते, हे कळले. स्मरणचित्रात मुलाला छोटा मिशीविना माणूस करून टाकायची जी आमची पद्धत होती, ती त्यामुळे सुटली.

स्मरणचित्राच्या पेपरात तीन-चार विषय दिलेले असतात आणि त्यांतला एक निवडून मनुष्याकृतींसह प्रसंग रंगवायचा असतो. बाजारात मिळणाऱ्या गाइडमध्ये या विषयांची तयार चित्रे असतात. आमच्या हाती जे गाइड होते त्यातल्या बागेत घसरगुंडी होती, फुगेवाला होता, समुद्रकिनाऱ्यावर भेळेची गाडी होती आणि चौकात सिग्नलवर थांबलेल्या मोटारी होत्या. आमच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही आम्ही ती चित्रे घोटत होतो, आणि ती बऱ्यापैकी जमतही होती. सरांनी याला विरोध केला नाही, हे मला आज विशेष वाटते. उभा माणूस, बसलेली बाई, धावणारा मुलगा अशा पाच-सहा आकृती हाताला पक्क्या बसलेल्या असल्याच पाहिजेत, दोन तासांत त्या शोधत बसता येत नाही, असे ते म्हणत. फक्त त्या आकृतींना आपल्या ठिकाणी नेऊन उभे करा, एवढीच त्यांची अट होती.

त्यासाठी जुलैमध्ये एका रविवारी ते आम्हाला गावाबाहेरच्या बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या खाचरांकडे घेऊन गेले. रोवणी सुरू होती. रोवणीच्या बायका वाकून, मागे मागे सरकत पऱ्हे, धानाची रोपे, लावतात, म्हणजे त्यांच्यासमोर लावलेले धान असते आणि पाठीमागे रिकामा चिखल. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून हे काढताना पहिली अडचण अशी आली की, वाकलेल्या बाईचे डोके तिच्या कमरेच्या खाली जाते आणि गाइडमधल्या एकाही आकृतीत असे होत नाही. दुसरी अडचण जास्त अवघड होती. सगळ्या बायका एका ओळीत, सारख्याच वाकलेल्या असल्यामुळे जसे दिसते तसे काढले तर कागदावर एक नक्षीची पट्टी तयार होते, प्रसंग तयार होत नाही. सर म्हणाले, ओळ तोडा. मग कोणी एक बाई कंबर सरळ करायला उभी राहिलेली दाखवली, कोणी पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकणारा गडी पुढे आणला. मी धुऱ्यावर डबा घेऊन उभी असलेली एक मुलगी कागदाच्या अगदी पुढच्या कोपऱ्यात, गुडघ्यांपाशी कापून, मोठी काढली आणि बायकांची ओळ तिच्या मागे लहान केली. तेवढ्याने बांधी खोल गेली. क्षितिज कुठे ठेवायचे, हे सरांनी तिथेच समजावले. आमच्याकडे डोंगर दूर आहेत आणि जमीन सपाट आहे, म्हणून आम्ही सगळे क्षितिज कागदाच्या मधोमध ठेवत होतो आणि वरच्या अर्ध्या कागदावर निळ्या रंगाशिवाय काहीच उरत नसे. ते वर नेले की बांध्या, पाणी आणि माणसे यांना जागा मिळते.

परीक्षेत रोवणी हा विषय येईलच असे नाही, आणि माझ्या वेळी तो आलाही नाही. पण बाजार, बसथांबा, सण, शेतातले काम असे विषय फिरून फिरून येतात, आणि त्यांपैकी कशातही तान्हा पोळा बसवता येतो. तान्हा पोळा हा आमच्या विदर्भातला मुलांचा पोळा. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले चाके लावलेले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. या विषयाची मोठी सोय अशी की, त्यात मुले, मोठी माणसे, जनावराचा आकार, तोरण आणि घरांच्या ओट्या एकाच चित्रात येतात, आणि लाकडी बैल थोडा ताठ आला तरी तो लाकडीच असतो. हा शेवटचा फायदा सरांनी अगदी गंभीरपणे सांगितला होता.

संकल्पचित्रात दिलेल्या मापाचा चौरस, वर्तुळ किंवा आयत आखून त्यात निसर्गातले किंवा भौमितिक आकार योजून नक्षी करायची आणि ती पोस्टर कलरने सपाट रंगवायची असते. इथे मुले सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि माझ्या मते सगळ्यात कमी विचार करतात. एक फूल, चार पाने, कोपऱ्यात फुलपाखरे, काळी बाह्यरेषा, आणि रंग जितके पेटीत असतील तितके. आमचीही सुरुवात तशीच झाली. सरांनी मग रंगांची संख्या कमी केली. पिवळा आणि जांभळा, निळा आणि नारिंगी, तांबडा आणि हिरवा या पूरक जोड्या, आणि एकाच रंगात पांढरा-काळा मिसळून होणारी एकरंगसंगती, एवढ्यावरच आम्ही बराच काळ काम केले. जोडी घेतली तरी दोन्ही रंग सारख्या प्रमाणात वापरायचे नाहीत, एकाला कागद द्यायचा आणि दुसऱ्याला ठिपका, हे त्यांचे आणखी एक सूत्र.

आकारांबाबत मात्र माझा खरा धडा घरी झाला. आजीच्या ट्रंकेत तिची एक जुनी करवतकाठी साडी होती. नागपूर-भंडाऱ्याकडे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या धाग्यावर विणल्या जाणाऱ्या या साड्यांच्या काठाला करवतीच्या दातांसारखी टोकांची ओळ असते, म्हणून त्यांना हे नाव. आमच्या भागातच ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळला जातो, त्यामुळे ही साडी घरात असणे फार नवलाचे नव्हते, पण मी तिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. तो काठ वहीत उतरवताना माझ्या लक्षात आले की, काठाच्या रंगाचे दात जसे आत शिरतात, तसेच साडीच्या अंगाच्या रंगाचे दात दोन दातांच्या मधून बाहेर येतात, आणि दोन्हींचा आकार एकच आहे. विणकराने दात काढले की दातांमधली जागा, हे ठरवता येत नाही. मी तीच कल्पना वर्तुळात घेतली. मध्यापासून निघणारे दात आणि त्यांच्यामधली उलटी टोके, दोन रंग, एक पान कुठेही नाही. सरांनी ते चित्र बराच वेळ हातात धरले आणि मग परीक्षेत मात्र यात एखादे पान घाल, परीक्षकाला निसर्गाचा घटक दिसला पाहिजे, असे सुचवले. मी पानाचा आकारच दातासारखा टोकदार केला. दोघांचेही समाधान झाले.

चौथा पेपर भूमिती आणि अक्षरलेखनाचा. चित्रकला आवडते म्हणून आलेली मुले याच पेपराला कंटाळतात, आणि चित्रकला येत नाही पण गणित येते अशा मुलांना इथे आधार मिळतो. वर्तुळाच्या त्रिज्येएवढे अंतर घेऊन कंपास परिघावर फिरवला की बरोबर सहा वेळा बसतो आणि षटकोन मिळतो, ही कृती गणिताच्या तासाला शिकलेली होती. इथे फरक एवढाच की रेषा पातळ, सारखी आणि टोकाला न जाडावता आली पाहिजे, रचनेच्या रेषा फिकट आणि उत्तराची आकृती गडद दिसली पाहिजे. त्यासाठी पेन्सिलीला टोक काढण्याचे काम दर पाच मिनिटांनी करावे लागते. याहून त्यात सांगण्यासारखे फार नाही.

अक्षरलेखन मला जमत नव्हते. दिलेला शब्द ठरलेल्या उंचीत, सारख्या जाडीच्या अक्षरांत लिहायचा असतो. मी पट्टीने प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देत होते आणि दोन अक्षरांत सारखे अंतर ठेवत होते, तरी शब्द फाटल्यासारखा दिसत होता. आमच्या बाजाराच्या गावी एक पेंटरकाका होते. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावे आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचे बोर्ड ते लिहीत. आमच्या भागात धान निघाले की दिवाळीपासून पुढे गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या नाटक कंपन्यांचे ठाणे आहे. काकांनी तरुणपणी नाटकांचे पडदेही रंगवले होते, महालाचा, रस्त्याचा, जंगलाचा. पुढे फ्लेक्स आले आणि काम कमी झाले, तरी ट्रॉलीवर फ्लेक्स टिकत नाही म्हणून तेवढे त्यांच्याकडे राहिले होते. बाबांनी मला त्यांच्याकडे नेऊन बसवले.

ते तेव्हा एका ट्रॉलीच्या फाळक्यावर मालकाचे नाव लिहीत होते. दोऱ्याला खडूची भुकटी चोळून, दोन टोकांना दोन खिळ्यांवर ताणून, मध्ये चिमटीने उचलून सोडला की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटत असे. अशा दोन रेघांमध्ये त्यांनी खडूने अक्षरे नुसती टिपून ठेवली, पट्टी लावली नाही. मी माझी वही दाखवली. त्यांनी ती हातभर दूर धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हे पाय माय, अक्षर नोको मोजू, मधातली जागा मोज." मग बोटाने माझ्या 'र' आणि 'ट' यांच्या मधला भाग दाखवला. 'र' खाली निमुळता होतो, 'ट'चा पोटाचा गोल बाजूला सरकतो, त्यामुळे शिरोरेषेवर अंतर सारखे असले तरी खाली त्यांच्यामध्ये मोठे भगदाड पडते. 'झ' रुंद असतो, त्याला 'र'एवढ्या खणात कोंबला की त्याचा श्वास कोंडतो. दोन अक्षरांच्या मधल्या जागेत पाणी ओतले तर सगळीकडे सारखे मावले पाहिजे, असा त्यांचा हिशोब होता. इंग्रजी अक्षरांतही हेच असते. एलच्या पुढे ए आला की दोघांमध्ये आपोआप खिंड तयार होते, म्हणून ती दोन अक्षरे जवळ ओढावी लागतात. त्या संध्याकाळी त्यांनी मला नाव पूर्ण करू दिले नाही, पण शेवटच्या अक्षराचा आतला रंग भरायला दिला. फाळक्याचा खडबडीत पत्रा कुंचल्याला कसा ओढतो, ते हाताला अजून आठवते.

परीक्षेचे केंद्र तालुक्याच्या गावी होते. सप्टेंबर संपत आला होता, धान फुलोऱ्यावर होते आणि पाऊस पूर्ण थांबला नव्हता. ड्रॉइंग बोर्ड, पाण्याचा डबा, रंगाची प्लेट, क्लिपा आणि जुन्या कापडाचे तुकडे घेऊन आम्ही काळीपिवळीने गेलो. मोठा बोर्ड मांडीवर ठेवला की जीपमधल्या चार माणसांना त्याचा त्रास होतो, म्हणून चालकाने सगळे बोर्ड टपावर, ताडपत्रीखाली बांधले. वस्तुचित्राच्या पेपराला वर्गाच्या मध्यभागी मांडणी करून भोवती अर्धवर्तुळात बसवतात आणि जागा आसनक्रमांकाने ठरते, त्यामुळे आपल्या वाट्याला कोणता कोन येईल, हे आपल्या हातात नसते. माझ्या जागेवरून बादलीने मागचे फळ बहुतेक झाकले होते. सरावात मांडणीच्या सगळ्या बाजूंना फिरून बसण्याची सवय सरांनी लावली होती, तिचा उपयोग इथे झाला. झाकलेले फळ ओढून बाहेर न काढता, जेवढे दिसते तेवढेच ठेवून, मी बादली किंचित डावीकडे बसवली आणि उजवीकडे तिच्या सावलीला जागा दिली. दुसऱ्या दिवशी संकल्पचित्राच्या वेळी हवा इतकी दमट होती की पोस्टर कलर वाळेचना. एका रंगाशेजारी दुसरा लावला की कडा एकमेकींत उतरत. शेजारच्या मुलीने कागद पंख्याखाली धरण्याची परवानगी मागितली आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. मी एकमेकांना न लागणारे भाग आधी रंगवत गेले, एक दात सोडून एक, आणि ते वाळेपर्यंत बाह्यरेषेसाठी काळा रंग घोटत बसले. एलिमेंटरीला मला अ श्रेणी मिळाली.

इंटरमिजिएटला वस्तुचित्राऐवजी स्थिरचित्र असते. मागे-खाली कापड सोडलेले, त्यावर भांडी, फळे, भाजी, आणि सगळे रंगात. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच असतो, म्हणून स्टीलच्या भांड्यावरची चमक रंगवायची नसते, सुरुवातीपासून राखून ठेवायची असते. मला याचे आकर्षण वाटले, कारण रिकामे सोडण्याचीच ही एक वेगळी तऱ्हा होती. कापडाच्या घड्या मात्र मला शेवटपर्यंत जड गेल्या. घडी कुठून तरी सुटते आणि कुठे तरी विरते, तिला दोन्ही टोकांना सारखी गडद करून चालत नाही. घरी खुर्चीवर आईचे लुगडे टाकून मी पुष्कळ सराव केला, पण खेड्यातल्या घरात दिवसा एका दिशेचा स्थिर उजेड मिळणे आणि ती खुर्ची कोणी न हलवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचितच घडतात.

नव्याने आलेला दुसरा भाग म्हणजे घनभूमिती. घन, शंकू, सूची (पिरॅमिड) यांचे समोरून आणि वरून दिसणारे रूप एका आडव्या रेषेच्या वर आणि खाली काढायचे. पुस्तकातून हे कोणालाच समजले नाही. सरांनी शाळेत आलेल्या बुरडाच्या मुलाला घेऊन बांबूच्या कामट्यांचे शंकू आणि सूची करवून घेतले. पोकळ असल्यामुळे त्यांच्या आरपार दिसत असे, आणि आडवा ठेवलेला शंकू वरून त्रिकोण का दिसतो, हे उन्हात त्याची सावली जमिनीवर पाडून दाखवता येत असे. तो मुलगा स्वतः ग्रेडला बसला नव्हता. घनभूमितीत आमच्या वर्गाचा सगळ्यात पक्का हिशोब त्याचाच होता.

इंटरमिजिएटला मला ब श्रेणी मिळाली, म्हणजे दहावीत 5 गुण. बाबांनी वहीच्या मागच्या पानावरच्या तीन आकड्यांपैकी मधल्याभोवती गोल केला. 2020 सालच्या मार्चमध्ये आमची दहावीची परीक्षा झाली, करोनामुळे भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. त्या गोंधळात चित्रकलेचे पाच गुण कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाहीत.

बारावीनंतर मी बीएफए या कलेतल्या पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी दिली, तेव्हा वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हेच तीन प्रात्यक्षिक पेपर पुन्हा समोर आले, फक्त अपेक्षा वाढलेली होती. आता नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कला शिकताना माझ्याबरोबर अशी मुले आहेत, जी लहानपणापासून मोठ्या शहरांतल्या क्लासला जात होती. रंगांच्या हाताळणीत ती माझ्या पुढे आहेत आणि ते मी मान्य करते. टायपोग्राफीच्या तासाला अक्षरांमधले अंतर डोळ्यांनी जुळवायला सांगतात, तेव्हा मात्र मला पट्टी शोधावी लागत नाही. ग्रेड परीक्षांमुळे मुले साच्यात अडकतात, असे आमच्या महाविद्यालयात बहुतेकांचे मत आहे. साचा असतो, यात वाद नाही. ज्या शाळेत चित्रकलेला शिक्षकच नाही, तिथे मुलांच्या हाती साच्याशिवाय काही येत नाही आणि तिथे हे मत बरोबर ठरते. पण साचा देऊन झाल्यावर मुलांना धुऱ्यावर नेऊन बसवणारा माणूस असेल, तर त्याच चार पेपरांतून पुष्कळ काही शिकवता येते, आणि महत्त्वाचे म्हणजे त्यासाठी शाळेला एक रुपयाही जास्त लागत नाही.

यंदा माझी मामेबहीण एलिमेंटरीला बसते आहे. तिने मला फोन करून विचारले की, कोणत्या कंपनीचे रंग घेऊ आणि कुंचले किती नंबरचे घेऊ. मी तिला सांगितले की, रंग गणपतीनंतर घे, शाळेजवळ मिळतील ते चालतील. सध्या जुन्या वर्तमानपत्रांवर 11 बाय 15 इंचांच्या चौकटी आखायच्या आणि त्यांत रोज एक भांडे, कोळशाच्या तुकड्याने, चौकटीला पुरेल एवढे मोठे काढायचे. तिने विचारले की, छापील अक्षरांवर चित्र दिसणार कसे? अक्षरे न झाकलेली जिथे उरतील, तेवढीच जागा तुझी सुटलेली आहे, हे तुला लगेच दिसेल, असे मी म्हटले. तिचा विश्वास बसलेला नाही. तिने बाबांकडून परस्पर रंगपेटी मागवली आहे.